ताईंना सोबत हवी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण म्हणजे बालशिक्षण. बुलढाणा जिल्ह्यातील शहरांत ते मोफत मिळते ते मुख्यतः वस्तीतल्या अंगणवाडीत. सहावे वर्ष पूर्ण झाले की यांतली बरीच मुले नगर परिषदेच्या शाळेत पहिलीत बसतात. तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा हा काळ राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ‘पायाभूत स्तर’ या एकाच नावाखाली आणला. प्रत्यक्षात तो अंगणवाडीच्या ताई आणि पहिली-दुसरीच्या बाई किंवा गुरुजी यांच्यात वाटला गेलेला आहे. मूल पहिलीत अडखळले की बोल त्यांनाच लागतो. त्यांच्या मदतीला कोणी जायचे, केव्हा जायचे आणि जाऊन काय करायचे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. बालशिक्षण सुधारण्याचे काम खरे तर तिथूनच सुरू होते.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार आहे आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा शहरांत राहतो. तेरा तालुक्यांपैकी अकरा ठिकाणी नगर परिषदा आहेत. मोताळा आणि संग्रामपूर येथे नगर पंचायती. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे लोक सहजच ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असे बोलतात. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद. सर्वांत मोठे खामगाव, कापसाच्या बाजारपेठेचे गाव. २०११ साली तिथे सुमारे ९४ हजार माणसे होती. मुंबई किंवा पुणे महापालिकेकडे स्वतःचा मोठा शिक्षण विभाग असतो, स्वतःचे प्रशिक्षक असतात. एवढ्या आकाराच्या नगर परिषदेकडे ते नसतात. तिच्या शाळांना बाहेरून आधार द्यावा लागतो आणि तो वेगवेगळ्या खात्यांकडून तुकड्या-तुकड्यांनी येतो.

या शहरांतल्या अंगणवाडीत आणि नगर परिषदेच्या शाळेत येणारी मुले बहुतेक हमाली, जिनिंग, बांधकाम, धुणीभांडी, हातगाडी अशा कामांवर जगणाऱ्या घरांतली असतात. ज्यांच्या हातात थोडे पैसे खुळखुळू लागतात, ती घरे मुलाला ‘कॉन्व्हेंट’ला घालतात. विदर्भात इंग्रजी नावाची पाटी असलेल्या कोणत्याही केजीला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग त्याचा चर्चशी काही संबंध असो वा नसो. तिथे बूट, टाय, वह्या आणि गृहपाठ असतो. अंगणवाडीत ‘नुसता खाऊ मिळतो, शिकवत काही नाहीत’ हा समज घट्ट आहे. तो सर्वस्वी खोटा नाही, आणि त्याचे कारण ताईंच्या आळसात शोधणे अन्यायाचे आहे.

बालशिक्षण म्हणजे काय

चार वर्षांच्या मुलाला मुळाक्षरे घोटायला लावणे म्हणजे बालशिक्षण नव्हे. या वयात मुलाची बोटे, मनगट आणि डोळे यांचा मेळ बसत असतो. तो बसल्याशिवाय पेन्सिल हातात दिली तर मूल ती मुठीत धरते आणि दमते. आधी मणी ओवणे, चिंचोके वेचणे, कणकेचे गोळे वळणे, ठसे उमटवणे, कागद फाडून चिकटवणे हे व्हावे लागते. अक्षर ओळखण्याआधी आवाज ओळखावा लागतो. ‘कमळ’ आणि ‘कपाट’ यांची सुरुवात सारखी आहे, ‘घर’ आणि ‘सर’ यांचा शेवट सारखा आहे, हे कानाला कळले की पुढे ‘क’ शिकवायला फार वेळ लागत नाही. बडबडगीतांचे खरे काम हेच आहे. शंभरपर्यंत आकडे पाठ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाच बिया दे’ म्हटले आणि त्याने मूठभर उचलून दिल्या, तर त्याला संख्या कळलेली नाही. एका बीला एकच आकडा, शेवटचा आकडा म्हणजे एकूण बिया, हे हाताने करूनच उमजते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना चटकन दिसत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षात ठेवून क्रमाने करणे, रडू आले तरी शब्दांत सांगणे हेही या वयातलेच शिक्षण आहे. पुढच्या दहा वर्षांच्या शाळेत मुलाला ते अक्षरांइतकेच उपयोगी पडते.

पोळ्याचा आठवडा घेऊ. ताई मुलांना ओली माती देतात आणि बैल करायला सांगतात. मातीत बोटांचा व्यायाम होतो. बैलाला पाय किती, शिंगे किती, दोन बैलांची मिळून किती, असे गणित आपोआप निघते. झूल, वेसण, घुंगरू, गोठा हे शब्द घरातून येतात आणि वर्गात सगळ्यांचे होतात. ‘तुझा बैल कुठे चालला?’ असे विचारले की मूल चार वाक्ये सलग बोलते. शेवटी सगळे बैल लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले जातात. खर्च शून्य, आणि शिक्षणाची सगळी अंगे एका तासात येऊन गेली. मात्र हा तास दिसतो तितका सोपा नाही. कोणत्या मुलाला कोणता प्रश्न विचारायचा, गप्प बसलेल्या मुलीला कसे बोलते करायचे, कधी स्वतः गप्प राहायचे हे ठरवायला तयारी लागते, आणि वीसपंचवीस मुले समोर असताना शांत डोके लागते.

ताईंचा दिवस

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात त्यासाठी मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी निवडली गेली. योजनेने अंगणवाडीवर सहा कामे सोपवली: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. यादीत शिक्षण शेवटी आले आणि व्यवहारातही ते शेवटीच राहिले. आहार वाटला नाही तर दुसऱ्या दिवशी बोंब होते. वजन नोंदवले नाही तर अहवाल अडतो. गोष्ट सांगितली नाही तर कोणालाच कळत नाही.

योजनेच्या निकषानुसार साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असते. तिथे एक सेविका आणि एक मदतनीस. सकाळी मुले गोळा करणे, हजेरी, गरम आहार, वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, घरपोच आहाराचे वाटप, लसीकरणाचा दिवस, पोषण महिना, निवडणुकीच्या वेळी येणारी कामे, आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर रोजच्या नोंदी. शहरात यात आणखी एक भर पडते ती जागेची. खेड्यात अंगणवाडीला बहुधा स्वतःची इमारत किंवा समाजमंदिर मिळते. शहरातल्या वस्तीत भाड्याची एक खोली, तिथेच सिलिंडर, तिथेच धान्याच्या गोण्या आणि तिथेच मुले. मातीचे बैल करायला ओटासुद्धा नसतो.

२०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस हवे असे म्हटले. मदतनीस स्वयंपाकात आणि ताई नोंदींत असताना हे प्रमाण कागदावरच राहते.

या कामाचा मोबदला आजही ‘मानधन’ या शब्दाने ओळखला जातो. महाराष्ट्रात २०२३ साली सेविकेचे मानधन १०,००० रुपये आणि मदतनिसाचे ५,५०० रुपये झाले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. तो संप पन्नास दिवसांहून अधिक चालला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याचे कलम ११ तीन वर्षांवरील मुलांच्या शाळापूर्व शिक्षणाबद्दल आहे, आणि हे वैधानिक काम अंगणवाड्याच करतात, याची नोंद न्यायालयाने त्या निकालात घेतली. ताई शिक्षिका आहेत ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर आली, हे मोलाचे आहे.

ताराबाई आणि अनुताई यांचा धडा

‘अंगणवाडी’ या शब्दामागे एक मराठी प्रयोग आहे आणि आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात सापडते. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. लग्नानंतरची काही वर्षे त्या अमरावतीत होत्या, म्हणजे वऱ्हाड त्यांना परके नव्हते. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवले, पण शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरते मॉण्टेसोरीचे शिक्षण राहू नये ही रुखरुख त्यांना होती. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पाने, बांबू वापरला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणण्याचा ‘विकासवाडी’चा प्रयोगही त्यांचाच, कारण मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहिली की दोघांचेही शिक्षण बुडते.

या सगळ्यात सहसा न सांगितली जाणारी बाब शिक्षिकेच्या घडणीची आहे. त्यांच्या बालवाडीला अध्यापन मंदिराची जोड होती. शिकाऊ बाई सकाळी मुलांत बसायची, दुपारी जे पाहिले त्यावर बोलायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलांत जायची. अनुताई स्वतः अशाच घडल्या. ताराबाईंच्या शेजारी बसून, त्यांच्याबरोबर चुका करून. केंद्र सरकारने पुढे अंगणवाडी हे नाव घेतले आणि देशभर नेले. ही शेजारी बसून शिकण्याची पद्धत मात्र त्या नावाबरोबर गेली नाही.

प्रशिक्षण आहे, सोबत नाही

प्रशिक्षणे होत नाहीत असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आणला. १० मे २०२३ रोजी केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्यात रोज किमान दोन तास बालशिक्षणासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे आणि सेविकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ आणि तीन वर्षांखालील बाळांसाठी ‘नवचेतना’ ही आराखड्यांची पुस्तके आली. शाळेच्या बाजूने पाहिले तर २० ऑक्टोबर २०२२ रोजी पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटी, आणि त्याआधी जुलै २०२१ पासून ‘निपुण भारत’ अभियान. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, हे निपुणचे उद्दिष्ट. त्यासाठी २०२६-२७ ही मुदत.

पण तीन दिवसांच्या शिबिरातून परतलेली ताई सोमवारी सकाळी आपल्या खोलीत एकटीच असते. शिबिरात वीस बायकांच्या घोळक्यात जे गाणे छान जमले, ते इथे अर्धी मुले रडत असताना जमत नाही. का जमले नाही हे विचारायला कोणी नसते. दोनदा प्रयत्न करून ती ते सोडून देते आणि जुन्या वाटेने ‘अ अननसाचा’ सुरू करते. शिबिर वाया जाते ते याच जागी.

राष्ट्रीय धोरणाला ही अडचण माहीत होती असे त्याच्या मजकुरावरून दिसते. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका, असे धोरण सांगते. हे शिक्षण मोबाइल आणि दूरचित्रवाणीच्या मदतीने घरी राहून घेता यावे, पण त्याला शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांनी मार्गदर्शन करावे आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष संपर्क वर्ग घ्यावा, असेही त्यात आहे. या कलमातला ‘महिन्यातून एकदा प्रत्यक्ष’ हा भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

ही सोबत आज कोण देऊ शकेल? अंगणवाडीच्या बाजूने पर्यवेक्षिका असतात. शहरी भागात एका पर्यवेक्षिकेकडे पंचवीस अंगणवाड्या असाव्यात असा निकष आहे. महिन्याचे कामाचे दिवस जवळजवळ तितकेच असल्याने दुसरे काहीही केले नाही तर त्या रोज एका अंगणवाडीत जाऊ शकतात. पण पदे रिकामी असली की एकीवरच दोघींच्या अंगणवाड्यांचा भार येतो, आणि भेटीचा वेळ रजिस्टरे तपासण्यात जातो. मासिक सभाही आकडे गोळा करण्यातच संपते. शाळेच्या बाजूने केंद्रप्रमुख असतात, गटसाधन केंद्रातले विषयतज्ज्ञ असतात, दर महिन्याची शिक्षण परिषद असते आणि जिल्ह्याला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे ‘डाएट’ असते. माणसे आहेत, तपासणीची सवय मोडून सोबतीची सवय लागायला हवी.

सोबतीची भेट कशी असते ते नीट पाहण्यासारखे आहे. येणारी व्यक्ती वर्गात मागे, मुलांच्या सतरंजीवर बसते. अर्धा तास काही न बोलता पाहते. मग मुले खाऊ खाताना ताईंशी बोलते, तेही एकाच गोष्टीवर. उदाहरणार्थ: ‘गोष्ट छान सांगितली, पण पूर्ण वेळ तुम्हीच बोललात. उद्या मधेच थांबून विचारा, आता पुढे काय होईल?’ मग ती स्वतः पाच मिनिटे तसे करून दाखवते. पुढच्या भेटीत फक्त तेवढेच पाहते. एका वेळी एकच बदल. दहा सूचनांची यादी दिली की ताई त्यातली एकही पाळत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसते. भेटीला आलेल्या माणसाच्या हातात त्या दिवशी शेरेबुक नसावे. ज्याच्यासमोर आपली अडचण सांगितली की नोंद होते, त्याच्यासमोर कोणीच अडचण सांगत नाही.

बाहेरचे अनुभव

तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांत झालेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. काही अंगणवाड्यांना केवळ बालशिक्षणासाठी अर्धवेळ एक जादा कार्यकर्ती देण्यात आली, काहींना दिली नाही. दीड वर्षाने मोजले तेव्हा जादा कार्यकर्ती मिळालेल्या ठिकाणी शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुले भाषेत आणि गणितात स्पष्टपणे पुढे गेली होती, आणि कुपोषणही घटले होते. कारण मूळ सेविकेला आहार-आरोग्याकडे पाहायला सवड मिळाली. म्हणजे ताईंची ‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार सबब नव्हती. वेळ दिल्याबरोबर फरक पडला.

अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या सरकारी शाळांनी चार वर्षांच्या मुलांचे वर्ग चालवताना ठरलेला अभ्यासक्रम आणि वर्गात येऊन शिक्षकांना साथ देणारे मार्गदर्शक, या दोन्ही गोष्टी एकत्र दिल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या मुलांच्या शब्दसंपत्तीत आणि गणितात चांगली वाढ दिसली. याच्या उलट टेनेसी राज्याच्या कार्यक्रमाचे झाले. तिथल्या शाळापूर्व वर्गांत बसलेली मुले सहावीपर्यंत पोचली तेव्हा न बसलेल्या मुलांहून मागे पडलेली आढळली. हा निष्कर्ष २०२२ मध्ये आला आणि त्याने अनेकांना धक्का बसला. वर्ग उघडले, मुले बसवली, एवढ्याने भागत नाही. वर्गात काय होते यावर सगळे ठरते, आणि ते शिकवणाऱ्या बाईवर ठरते.

घरची बोली, वर्गाची भाषा

बुलढाण्यात शिक्षिकेला लागणाऱ्या मदतीचा एक भाग भाषेचा आहे, आणि तो पुण्यात छापलेल्या पुस्तिकेतून मिळणार नाही. घरी मूल ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ बोलते. शेताला ‘वावर’ म्हणते. वर्गात ‘मला’, ‘तुला’, ‘का’, ‘शेत’ असते. चार वर्षांच्या मुलाला ‘असे नाही बोलायचे’ म्हणून सांगितले की ते नीट बोलायला शिकत नाही. ते बोलायचे थांबते. घरचा शब्द आधी स्वीकारायचा आणि त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द ठेवायचा, ही साधी रीत आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या ताईंना ती सहज जमते, फक्त तसे करण्यात कमीपणा नाही हे कोणीतरी त्यांना अधिकाराने सांगायला हवे.

खामगाव, मलकापूर, शेगाव अशा शहरांतल्या काही वस्त्यांत घरची भाषा उर्दू किंवा दख्खनी वळणाची हिंदी असते. तांड्यांवरून आलेल्या कुटुंबांत गोरमाटी. जळगाव जामोदच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आणि निहाली बोलणारे लोक आहेत. निहालीचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी नक्की जुळलेले नाही. अशी दुर्मीळ भाषा या जिल्ह्याची आहे. या घरांतले मूल शहरातल्या अंगणवाडीत आले तर पहिले काही महिने त्याला वर्ग म्हणजे नुसता आवाज वाटतो. तिथे वस्तीतलीच एखादी आई आठवड्यातून दोनदा येऊन तिच्या भाषेत गोष्ट सांगेल, तर ताईंना आणि मुलाला दोघांनाही हात मिळतो.

दोन खाती, एक मूल

ग्रामीण भागातल्या अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे असतात. शहरातल्या अंगणवाड्या नागरी प्रकल्पाखाली येतात आणि त्यांची दोरी थेट राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालयाकडे जाते. नगर परिषदेच्या शाळेचे व्यवस्थापन नगर परिषदेकडे, तर शिक्षक प्रशिक्षण शालेय शिक्षण विभागाकडे. परिणामी अंगणवाडीतून कोणती मुले यंदा पहिलीत येणार, त्यांतले कोण बोलते, कोणाला कमी ऐकू येते, हे पहिलीच्या बाईंना जूनमध्ये कळते ते चेहरे पाहून. दोन वर्षे मुलाला ओळखणाऱ्या ताई बहुधा दोन गल्ल्या पलीकडेच असतात.

यावर एक चांगला मार्ग राज्यात सुरू झालेला आहे. ‘पहिले पाऊल’ या नावाने २०२२ पासून होणाऱ्या शाळा पूर्वतयारी मेळाव्यात मूल आईबरोबर शाळेत येते आणि नोंदणीपासून शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी ते पालकांना मार्गदर्शन अशा सात टेबलांवरून जाते. नंतर उन्हाळ्यात वस्तीतल्या आयांचे गट मुलांकडून घरी छोट्या कृती करून घेतात. मेळावा एका दिवसाचा असला तरी त्यात ताई, बाई आणि आई तिघी एकत्र येतात. हेच वर्षातून सहा वेळा का होऊ नये?

नगर परिषदेच्या हाती तर याहून अधिक आहे. ज्या शाळांचा पट घटून खोल्या रिकाम्या झाल्या, तिथे शेजारची भाड्याच्या खोलीतली अंगणवाडी आणता येते. मुलांना मैदान आणि स्वच्छतागृह मिळते, ताईंना पहिलीच्या बाई शेजारी मिळतात, धाकट्याला सोडायला आलेली बहीण स्वतःच्या वर्गात पोचते. ताराबाईंची विकासवाडी यापेक्षा वेगळी नव्हती. महिन्याच्या शिक्षण परिषदेला अंगणवाडीच्या ताईंना बोलावणे याला तर पैसेही लागत नाहीत. केंद्रप्रमुख आणि पर्यवेक्षिका यांच्यात तारीख ठरावी लागते. नगर परिषदेत महिला व बालकल्याण समिती असते. तिच्या निधीतून शिलाई यंत्रांचे वाटप आणि मेळावे होतात. त्यातलाच थोडा भाग अंगणवाडीत दोन तास शिकवायला येणाऱ्या वस्तीतल्या बारावी पास मुलीच्या मानधनाकडे वळला, तर तमिळनाडूचा प्रयोग खामगाव किंवा चिखलीतही करून पाहता येईल.

पालकांचा भागही इथेच येतो. मुलाच्या वहीत पानभर ‘अ’ दिसला नाही म्हणून ताईंवर दबाव आला की त्या खेळ बंद करून पाटी हातात देतात. मातीच्या बैलातून काय शिकले गेले, हे आईला पाच मिनिटे समजावण्याचे कसबही ताईंना शिकवावे लागते, आणि ते समजावताना शेजारी शाळेच्या बाई उभ्या असतील तर आई जास्त विश्वासाने ऐकते.

२००५ साली महाराष्ट्राने माता-बाल आरोग्य व पोषणासाठी मिशन उभारले तेव्हा त्याला राजमाता जिजाऊंचे नाव दिले. जिजाऊंचा जन्म याच जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाचा. त्या मिशनने राज्याला मुलाच्या वजनाकडे लक्ष द्यायची सवय लावली. कोणते मूल तीव्र कुपोषित आहे हे आज प्रत्येक प्रकल्पाला माहीत असते. मुलाच्या बोलण्याकडे, ऐकण्याकडे, खेळण्याकडे त्याच काटेकोरपणे पाहणे अजून व्हायचे आहे.

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, मेहकर येथे राहणाऱ्या वाचकांनी एखाद्या सकाळी आपल्या प्रभागातल्या अंगणवाडीत जावे आणि तासभर मुलांच्या सतरंजीवर बसावे. निघताना ताईंना एवढेच विचारावे, की वर्गात येऊन तुमच्या शेजारी असे शेवटचे कोण बसले होते आणि कधी. जे उत्तर मिळेल ते आपल्या नगरसेवकाला सांगावे.